निकालानंतर बाहेर केलेली तडजोड कोर्टात उभी राहण्यासाठी काय, कधी आणि कुठल्या क्रमाने करायचं

मी फोंड्याला दिवाणी कामं बघतो. मध्यंतरी एक गृहस्थ प्लास्टिकच्या पिशवीत लांबट हिशेबाची वही घेऊन आले. प्रत्येक पानावर तारीख, रक्कम आणि समोरच्याची सही, शेवटच्या पानावर महसूल तिकीट लावून त्यावर आडवी सही आणि खाली दोन शब्द, 'हिशेब पूर्ण'. ४,८०,००० ची डिक्री, म्हणजे एवढे पैसे द्या असा कोर्टाचा निकालाचा हुकूम, होती, ३,५०,००० वर मिटलं, शेवटचे साठ हजार चवथीच्या आधी घरी जाऊन रोख दिले. आणि चौदा महिन्यांनी कोर्टाची नोटीस आली, पूर्ण डिक्रीची, व्याजासकट. मी विचारलं, कोर्टात नोंदवलं होतं का? ते म्हणाले, कोर्टात कशाला, मिटलं होतं ना आमचं.

वही खरी, सही खरी, पैसेही खरेच दिलेले. पण सीपीसीच्या, म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या, ऑर्डर २१, रूल २ मध्ये सरळ लिहिलंय की डिक्रीनंतर कोर्टाबाहेर दिलेले पैसे किंवा केलेली तडजोड कोर्टात सर्टिफाय (डिक्रीदाराने कोर्टाला कळवून मान्य) किंवा नोंद झाली नसेल तर डिक्री बजावणारं कोर्ट ती विचारातच घेणार नाही. असं प्रकरण माझ्याकडे दर दोन-तीन महिन्यांनी येतं, कधी पैसे देणाऱ्याचं, कधी घेणाऱ्याचं, म्हणून सगळं एका जागी लिहून काढतोय. खाली जिंकलेल्याला 'डिक्रीदार' म्हणतोय आणि ज्याने द्यायचंय त्याला 'देणेकरी'.

१. सही करण्याआधी: डिक्री आत्ता कुठे आहे ते बघा

तडजोड कुठल्या कोर्टात, कुठल्या तरतुदीखाली द्यायची हे सगळं यावर ठरतं, आणि लोक नेमकी हीच पायरी गाळतात.

पहिलं काम म्हणजे डिक्रीची सर्टिफाईड कॉपी काढा. जजमेंट वेगळं आणि डिक्री वेगळी. जजमेंटमध्ये कारणं असतात, डिक्रीत कोणी कोणाला काय द्यायचं ते. बजावणी होते डिक्रीची. कित्येकांकडे फक्त जजमेंटची झेरॉक्स असते, त्यावरून तडजोड लिहिली जाते आणि रक्कम, व्याजाचा दर, खर्च यातलं काहीतरी चुकतं.

मग तीन प्रश्न विचारा:

- अपील झालंय का, किंवा अपिलाची मुदत अजून चालू आहे का? जिल्हा कोर्टात अपील करायला ३० दिवस, हायकोर्टात ९० दिवस.
- एक्झिक्युशन, म्हणजे डिक्री बजावण्याचा अर्ज, दाखल आहे का? असेल तर नंबर काय, पुढची तारीख काय, जप्तीचा हुकूम झालाय का?
- डिक्री किती जुनी आहे? पैशाची किंवा ताब्याची डिक्री १२ वर्षांत बजवावी लागते. अमुक गोष्ट करा असं सांगणारी, म्हणजे उदाहरणार्थ बांधकाम पाडा, वाट मोकळी करा, अशी मँडेटरी इंजंक्शनची डिक्री असेल तर फक्त ३ वर्षं.

ही १२ वर्षांची गोष्ट नीट समजून घ्या. खूप लोकांना वाटतं की देणेकऱ्याने मध्येच पाच-दहा हजार दिले किंवा 'देणं मान्य आहे' असं लिहून दिलं की मुदत नव्याने सुरू होते. साध्या उधारीला ते खरं आहे, डिक्रीला नाही. लिमिटेशन ॲक्टच्या, म्हणजे मुदतीच्या कायद्याच्या, कलम १८ आणि १९ मध्येच डिक्रीची बजावणी आणि डिक्रीचे पैसे वगळलेत. अकराव्या वर्षी तडजोड करून पाच वर्षांचे हप्ते बांधून दिलेत, कोर्टाचा हुकूम घेतला नाहीत, आणि दोन वर्षांनी हप्ते थांबले, तर हातात काय राहिलं? मुदत कधीच संपलेली. यावर उपाय चौथ्या पायरीत आहे.

तपासा: डिक्रीची सर्टिफाईड कॉपी, अपील आणि एक्झिक्युशनचे नंबर, आणि कागदाच्या वरच्या कोपऱ्यात १२ वर्षं संपण्याची तारीख. हे हातात नसेल तर पुढे जाऊ नका.

२. सही कोणाकोणाची लागणार

गोव्यात इथे हमखास घोळ होतो. आपल्याकडे लग्न बहुतेक वेळा मालमत्तेच्या भागीदारीत झालेलं असतं, नवराबायको दोघांचा निम्मा-निम्मा हक्क, आणि स्थावर मालमत्ता विकायची-सोडायची तर दोघांची संमती लागते. तडजोडीत पैसेच द्यायचे असतील तर देणेकऱ्याची सही पुरेल, पण 'पैशाऐवजी भाटातला (बागायतीतला) अमुक तुकडा देतो' किंवा 'दुकानातला हक्क सोडतो' असं काही असेल तर बायकोची किंवा नवऱ्याची सही तिथेच, त्याच कागदावर घ्या. नंतर घेऊ म्हणून ठेवलेली सही मिळत नाही, आणि ती बाई नंतर कोर्टात उभी राहून म्हणाली की मला कोणी विचारलंच नाही, तर ती बरोबरच असते.

आणखी काही:

- डिक्री दोन-तीन भावांच्या नावे असेल तर सगळ्यांच्या सह्या घ्या. एका भावाने 'मिळाले' लिहून दिलं म्हणून बाकीच्यांचं देणं फिटत नाही.
- मूळ पक्षकार वारला असेल तर वारस आधी रेकॉर्डवर आणा. नोंद नसलेल्या वारसाची सही घेऊन तडजोड कोर्टात नेली की तिथेच अडते.
- परदेशात असलेल्यांच्या वतीने मुखत्यारपत्रावर सही होत असेल तर मूळ मुखत्यारपत्र वाचा, तडजोड करायचा आणि पैसे घ्यायचा अधिकार स्पष्ट शब्दांत आहे का बघा. केस चालवायचा अधिकार म्हणजे केस मिटवायचा अधिकार असं गृहीत धरू नका.
- पक्षकार अज्ञान, म्हणजे वयाने लहान, असेल तर कोर्टाच्या परवानगीशिवाय पालकाला तडजोड करता येत नाही.

३. मसुदा: डिक्री जिवंत ठेवायची की संपवायची, हे एका वाक्यावर ठरतं

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान या पायरीत होतं आणि ते कळतं वर्षा-दीड वर्षाने.

डिक्रीदार घाईत सही करतो त्या कागदावर साधारण असं लिहिलेलं असतं, 'उभयपक्षी तडजोड झाली असून डिक्रीची पूर्ण फेड झाली आहे, देणेकरी ३,५०,००० दहा हप्त्यांत देईल.' आता तिसऱ्या हप्त्यानंतर पैसे थांबले तर देणेकऱ्याचा वकील म्हणणार, डिक्री तर तुम्हीच फेडलेली म्हणून लिहून दिलीत, आता या नव्या करारावर वेगळा दावा लावा. हे म्हणणं कोर्टात चालू शकतं. निकालानंतरच्या तडजोडीने जुनी डिक्री संपली की चालू राहिली हे पक्षकारांचा हेतू काय होता त्यावर ठरतं, असं सुप्रीम कोर्टाने २००० सालच्या निकालात धरलंय, आणि हेतू कोर्ट वाचणार तो तुमच्या कागदातूनच.

म्हणून हप्त्यांची तडजोड असेल तर या अर्थाचा मजकूर असायलाच हवा:

'वरील रक्कम ठरल्या तारखांना पूर्ण मिळेपर्यंत डिक्री कायम व अंमलबजावणीस पात्र राहील. सर्व हप्ते वेळेवर मिळाल्यावरच डिक्रीची पूर्ण फेड झाली असे समजले जाईल. कोणताही एक हप्ता ठरल्या तारखेपासून १५ दिवसांत न मिळाल्यास दिलेली सवलत रद्द होईल व डिक्रीची मूळ रक्कम, व्याज व खर्च यातून तोवर मिळालेली रक्कम वजा जाता उरलेली सर्व रक्कम एकदम देय होईल.'

यात 'सवलत' हा शब्द मुद्दाम ठेवलाय. ४,८०,००० चं देणं कमी करून ३,५०,००० घेतोय ही सूट आहे, ती वेळ पाळण्याच्या अटीवर आहे, वेळ पाळली नाही तर सूट जाते. असं लिहिलं की कोणाला 'हा दंड आहे, जबरदस्ती आहे' असं म्हणायला फार जागा राहत नाही.

मसुद्यात आणखी काय काय हवं: दाव्याचा नंबर, कोर्ट, डिक्रीची तारीख, डिक्रीप्रमाणे आजची बाकी, तडजोडीची रक्कम, प्रत्येक हप्त्याची तारीख आणि आकडा, पैसे कुठल्या बँक खात्यात जाणार त्याचा नंबर, व्याज चालू राहणार की थांबणार, जप्ती असेल तर ती कधी उठवायची, अपील असेल तर ते कोण कधी मागे घेणार, आणि मिळालेले पैसे आधी व्याजात जिरवायचे की मुद्दलात. शेवटचं लिहिलेलं नसेल तर साधारणपणे पैसे आधी व्याज आणि खर्चात जातात, मग मुद्दलात. समजा ४,८०,००० वर ६ टक्के व्याज, वर्षभराने देणेकऱ्याने १,५०,००० दिले. वर्षाचं व्याज २८,८००. मुद्दलातून कमी होणार फक्त १,२१,२००, बाकी उरली ३,५८,८००. देणेकरी मात्र घरी बसून ३,५०,००० उणे १,५०,००० असा हिशेब करून दोन लाखच राहिले म्हणत असतो. हप्ता चुकवून सवलत गेली की हा दीड लाखाच्या वरचा फरक समोर येतो आणि मग भांडण होतं.

डिक्रीत नसलेल्या गोष्टी तडजोडीत घातल्यात, उदाहरणार्थ दुसरं दुकान भाड्याने देणं, विहिरीचं पाणी, गाडीची मालकी, तर बजावणी करणारं कोर्ट त्या करून देईलच असं धरू नका. ते कोर्ट डिक्री बजावायला बसलेलं असतं. असल्या गोष्टी हव्या असतील तर अपिलातून किंवा लोक अदालतीतून जा, ते पुढे सांगतो. आणि जमिनीचा हक्क हस्तांतरित होत असेल तर साध्या स्टँप पेपरवर नोटरी करून काही होत नाही, सब-रजिस्ट्रारकडे रजिस्टर करायला लागतं. कोर्टाच्या तडजोड-डिक्रीला रजिस्ट्रेशनमधून सूट आहे, पण दाव्याच्या विषयात नसलेली जमीन त्यात आली तर तिला ती सूट नाही.

सावधान: आपल्याकडे कोर्टाचं काम बहुतेक इंग्रजीत चालतं म्हणून कन्सेंट टर्म्स, म्हणजे तडजोडीच्या अटींचा कागदही, इंग्रजीत टाईप होतात. सही करण्याआधी प्रत्येक कलम मराठीत किंवा कोंकणीत तोंडी समजावून घ्या, वकिलाला तसं थेट सांगा, त्यात कमीपणा काही नाही. 'फुल अँड फायनल सॅटिसफॅक्शन' (पूर्ण आणि शेवटची फेड) हे शब्द दिसले की थांबा आणि विचारा, पैसे मिळाल्यावर की आत्ताच?

४. कोर्टात कशी द्यायची: चार वाटा

अपील चालू असेल तर तडजोड अपील कोर्टात द्या. तिथे ऑर्डर २३, रूल ३ लागू होतो, लेखी आणि सह्या असलेली तडजोड नोंदवून कोर्ट त्याप्रमाणे नवी डिक्री करतं. ही माझ्या मते सगळ्यात पक्की वाट, कारण पुढे चूक झाली तर तुम्ही थेट त्या नव्या डिक्रीची बजावणी मागता. अपील नुसतं मागे घेऊन बाहेर कागद करणं ही मोठी चूक, तसं केलंत तर खालच्या कोर्टाची जुनी डिक्री जशीच्या तशी उभी राहते आणि तुमचा कागद वेगळा लोंबकळत राहतो.

एक्झिक्युशन चालू असेल तर ऑर्डर २३ तिथे चालत नाही, रूल ४ मध्ये तसं लिहिलंय, तरीही कित्येक अर्जांवर तेच लिहून येतं. इथे अर्ज ऑर्डर २१, रूल २ खाली, दोघांच्या सह्यांचा, सोबत कन्सेंट टर्म्स. दोन्ही पक्षकार त्या तारखेला हजर राहा, कोर्ट विचारतं की सही तुमचीच का, समजून केली का.

काहीच चालू नसेल तर ज्या कोर्टाने डिक्री केली तिथेच रूल २ चा अर्ज द्या. पैशाची डिक्री असेल आणि डिक्रीदाराची संमती असेल तर ऑर्डर २०, रूल ११ खाली हप्त्यांचा हुकूमही मागता येतो, पण त्या अर्जाला डिक्रीच्या तारखेपासून ३० दिवसांचीच मुदत आहे, त्यामुळे निकाल लागल्या लागल्या हालचाल करायला लागते.

लोक अदालत. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथे अर्ज देऊन चालू अपील किंवा एक्झिक्युशन पुढच्या लोक अदालतीत ठेवायला सांगता येतं. तिथला निवाडा कायद्याने दिवाणी कोर्टाच्या डिक्रीसारखाच मानला जातो आणि त्यावर अपील नाही. म्हणूनच हप्ता चुकला तर काय, हे कलम त्या निवाड्यातच आलं पाहिजे. गर्दीच्या दिवशी छापील फॉर्मवर 'प्रकरण मिटले' एवढं एका ओळीत लिहून सह्या होतात, तसं होऊ देऊ नका, तुमच्या टर्म्स सोबत जोडून त्या निवाड्याचा भाग आहेत असं लिहून घ्या.

आता १२ वर्षांच्या मुदतीचा उपाय. कोर्टाकडून फक्त 'तडजोड फाईलवर घेतली' एवढा शेरा घेऊन परत येऊ नका. ठरल्या तारखांना ठरलेले हप्ते द्यावेत असा हुकूम मागा. डिक्रीनंतरच्या कोर्टाच्या हुकुमाने ठराविक तारखेला पैसे द्यायला सांगितलं असेल तर त्या हप्त्यापुरती मुदत तो हप्ता चुकल्या दिवसापासून मोजतात, लिमिटेशन ॲक्टच्या परिशिष्टातल्या अनुच्छेद १३६ मध्ये ते आहे. हा एक हुकूम नसल्यामुळे जुन्या डिक्र्या हातातून गेलेल्या मी पाहिल्यात.

तपासा: रोजनामा, म्हणजे केसच्या कामकाजाची कोर्टातली नोंद, बघा, काय लिहिलंय ते वाचा, हुकुमाची सर्टिफाईड कॉपी त्याच आठवड्यात मागा.

५. पैसे देताना, आणि ते ३० दिवस

हा भाग देणेकऱ्यांसाठी, दोनदा वाचा.

कोर्टाबाहेर पैसे दिलेत किंवा तडजोड केलीत तर डिक्रीदाराने ती कोर्टात सर्टिफाय करायची असते, आणि त्याला मुदत नाही, तो कधीही करू शकतो. त्याने नाही केली तर तुम्ही अर्ज करायचा, आणि तुमच्या अर्जाला मुदत आहे ३० दिवस, पैसे दिल्या किंवा तडजोड झाल्या दिवसापासून. प्रत्येक हप्त्याला वेगळे ३० दिवस. 'उशीर झाला, आजारी होतो, माफ करा' असा अर्ज इथे चालत नाही, कारण लिमिटेशन ॲक्टच्या उशीर माफ करायच्या कलम ५ मधून ऑर्डर २१ चे अर्ज वगळलेत. इतर ठिकाणी कोर्ट दोन-तीन महिन्यांचा उशीर सहज माफ करतं म्हणून लोक इथेही निवांत राहतात. फक्त शेवटचा दिवस सुट्टीत आला तर कोर्ट उघडेल त्या पहिल्या दिवशी अर्ज देता येतो, मे महिन्याच्या सुट्टीत हे लक्षात ठेवा.

क्रम असा ठेवा:

१. पैसे बँकेतूनच द्या, त्याच खात्यात जे टर्म्समध्ये लिहिलंय. भावाच्या, मुलाच्या, दुकानाच्या खात्यात टाका म्हणाले तर आधी लेखी घ्या. जीपेवर पाठवत असाल तर शेऱ्यात दाव्याचा नंबर आणि हप्ता क्रमांक घाला, आणि स्क्रीनशॉटवर न थांबता बँकेचं स्टेटमेंट शिक्का मारून घ्या.

२. त्याच आठवड्यात डिक्रीदाराकडून पावती घ्या, 'अमुक डिक्रीपोटी अमुक हप्ता मिळाला' असं लिहिलेली. नुसतं 'पैसे मिळाले' म्हणजे तो उद्या म्हणणार, ते काजूच्या व्यवहाराचे होते.

३. कोर्टात पर्शिस (पक्षकाराचं छोटं लेखी निवेदन) टाका, डिक्रीदाराच्या सहीची. तो सही देत नाही असं दिसलं की वाट बघू नका, विसाव्या दिवसापर्यंत स्वतः रूल २ चा अर्ज टाका. देणेकऱ्याच्या अर्जावर नोंद व्हायला तीनपैकी एक लागतं: पैसे रूल १ मध्ये सांगितलेल्या पद्धतीने दिलेले, किंवा कागदोपत्री पुरावा, किंवा डिक्रीदाराची कोर्टापुढे कबुली. नुसते साक्षीदार आणून 'आमच्यासमोर दिले' म्हणून भागत नाही.

४. डिक्रीदार टाळाटाळ करतोय, फोन उचलत नाही, मुद्दाम हप्ता चुकवायला लावतोय असं वाटलं तर पैसे सरळ कोर्टात भरा आणि त्याला रजिस्टर्ड पोस्टाने किंवा कोर्टामार्फत नोटीस द्या. नोटीस पोचल्यापासून भरलेल्या रकमेवरचं व्याज थांबतं आणि सर्टिफाय करायचा प्रश्नच उरत नाही. साध्या माणसाला मी हीच वाट सांगतो.

सावधान: रोख देऊच नका. द्यावीच लागली तर त्याच वेळी त्याच टेबलावर पावती, आणि दुसऱ्या दिवशी वकिलाकडे.

पोस्ट-डेटेड चेक घेणाऱ्या डिक्रीदारांना एवढंच सांगतो: चेक तीन महिन्यांत टाका, परत आला तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, नोटीस मिळाल्यावर १५ दिवस त्याला द्यायचे, मग एक महिन्याच्या आत फौजदारी तक्रार. ती वाट वेगळी, डिक्रीची बजावणी वेगळी, दोन्ही चालू ठेवता येतात, पण पैसे दोनदा घेता येत नाहीत.

६. हप्ता चुकला: डिक्रीदाराने काय करायचं

आधी एक लेखी नोटीस, कुठला हप्ता, कुठली तारीख, किती बाकी. कायद्याने प्रत्येक वेळी लागतेच असं नाही, पण कोर्टासमोर तुम्ही सरळ वागलात हे दिसतं.

मग एक्झिक्युशनचा अर्ज, ऑर्डर २१, रूल ११ प्रमाणे. त्यात एक रकाना असतो, डिक्रीनंतर काही पैसे मिळाले का, काही तडजोड झाली का. तो रिकामा ठेवू नका आणि 'नाही' तर मुळीच लिहू नका. मिळालेला प्रत्येक रुपया तारखेसह दाखवा, तडजोडीचा हुकूम जोडा, कुठला हप्ता चुकला ते सांगा, बाकीचा हिशेब वेगळ्या तक्त्यात द्या. फिटलेली डिक्री फसवणुकीने पुन्हा बजावायला लावणं हा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. डिक्रीला दोन वर्षं उलटून गेली असतील तर आधी देणेकऱ्याला नोटीस काढावी लागते, तो वेळ धरून चाला.

वसुली कशातून मागायची हे अर्जातच लिहायचं असतं. 'योग्य ती कारवाई व्हावी' लिहून उपयोग नाही, बेलीफ कुठे जाणार? देणेकऱ्याची मालमत्ता माहीत नसेल तर रूल ४१ खाली त्याच्याकडून मालमत्तेचं अफिडेव्हिट मागा, कोर्टाने सांगूनही दिलं नाही तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. या एका अर्जाने अडलेल्या कित्येक वसुल्या हलतात, आणि तरी लोक तो शेवटी करतात, तो आधी करा.

पगार जप्त करायचा तर पहिले १,००० आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडून बाकी मिळतं. ३१,००० पगार असेल तर १,००० बाजूला, ३०,००० चे दोन तृतीयांश २०,००० बाजूला, महिन्याला १०,००० हाती येतात, तेही एका डिक्रीपोटी २४ महिन्यांपर्यंत. पीएफला हात लावता येत नाही. कारागिराची अवजारं, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, मंगळसूत्र यांनाही नाही.

जमीन जप्त करायची तर एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमिनीच्या हक्कांचा उतारा), शहरात असेल तर त्याच्या जागी फॉर्म डी, सर्व्हे नंबर आणि सब-डिव्हिजन नंबर बरोबर जुळवून घ्या. नवराबायकोचा सामाईक हक्क असेल तर दुसऱ्याचा निम्मा हिस्सा वेगळा दाखवा, नाहीतर तिथून हरकत येते आणि वर्ष जातं. मालमत्ता दुसऱ्या कोर्टाच्या हद्दीत असेल, म्हणजे डिक्री फोंड्याची आणि जागा काणकोणात, किंवा देणेकरी सावंतवाडीला जाऊन राहिलाय, तर आधी डिक्री तिकडच्या कोर्टात ट्रान्सफर करून घ्यावी लागते.

अटकेची मागणी लोक रागाने सगळ्यात आधी करतात. पैसे असूनही देत नाही हे दाखवावं लागतं, आधी कारणे दाखवा नोटीस जाते, आणि पैशाच्या डिक्रीत बाईला अटक होत नाही.

एक्झिक्युशन दाखल झाल्यापासून सहा महिन्यांत निकाली काढावं असं सुप्रीम कोर्टाने २०२१ साली सांगितलंय. तारखा नुसत्या पुढे जात असतील तर त्या निकालाचा आधार घेऊन लवकर सुनावणीचा अर्ज द्या.

७. पैसे पूर्ण फिटले आणि तरी नोटीस आली

घाबरून घरी बसू नका, तारखेला हजर राहा आणि सीपीसीच्या कलम ४७ खाली लेखी हरकत द्या. फेडीबद्दलचे वाद त्याच कोर्टाने सोडवायचे असतात. नोंद झालेली असेल तर सर्टिफाईड कॉपी दाखवली की काम होतं. नोंद नसेल तर पहिल्यांदा शेवटचं देणं कधीचं ते बघा, ३० दिवस बाकी असतील तर त्याच दिवशी रूल २ चा अर्ज. ते गेले असतील तर समोरच्याचा एक्झिक्युशनचा अर्ज ओळ न ओळ वाचा, त्यात त्याने स्वतः काही रक्कम मिळाल्याचं लिहिलं असेल तर ती कबुली सर्टिफाय केल्यासारखी धरता येते. वहीवाल्या गृहस्थांच्या बाबतीत तेच झालं, पहिले तीन हप्ते बँकेतून गेलेले, ते अर्जात वजा दाखवलेले होते, तेवढे वाचले. वहीतली रोख रक्कम त्यात नव्हती. त्यासाठी आता डिक्रीदारावर वेगळी कारवाई करावी लागतेय, आणि तोवर इकडे बजावणी चालूच आहे.

८. शेवटचा हप्ता दिल्यावर

'पूर्ण फेड' ची पर्शिस डिक्रीदाराच्या सहीने कोर्टात द्या, कोर्टाकडून डिक्रीची पूर्ण फेड नोंदल्याचा हुकूम घ्या, चालू एक्झिक्युशन असेल तर ते निकाली काढल्याचा हुकूमही घ्या. जप्ती होती तर ती उठवल्याचा हुकूम वेगळा मागून घ्या आणि त्याची प्रत बँकेला, पगार देणाऱ्या ऑफिसला, आणि जमीन असेल तर जिथे जप्तीची नोंद झाली त्या कचेरीत स्वतः नेऊन द्या, पोच घ्या. महिन्याभराने एक-चौदाचा ताजा उतारा काढून इतर हक्कांचा रकाना बघा. तिथे जुनी जप्ती तशीच राहिलेली असते आणि ती कळते घर विकायला किंवा कर्ज काढायला गेल्यावर. न वापरलेले चेक परत मागून घ्या, दिलेले मूळ कागद मोजून घ्या. आणि फेडीच्या हुकुमाच्या दोन सर्टिफाईड कॉप्या काढा, एक तुमच्याकडे आणि एक, नवराबायकोचं सामाईक असेल तर तिच्या किंवा त्याच्या कागदांत.